दारात उभी असलेली नणंद

सकाळपासून सासूबाई मशीनवर होत्या. धाकट्या लेकीच्या लग्नाचे कपडे घरातच शिवायचे, असं ठरलं होतं. शेजारी सून, बाळाला मांडीवर निजवून काजं करत बसली होती. दार वाजलं.

दारात एक महिला अधिकारी, तिच्यामागे थोरली लेक, आणि थोरलीचं बोट धरून एक चिमुरडी.

काही वर्षांपूर्वी मावशीच्या नवऱ्याने परदेशात शिवणकामाची नोकरी देतो म्हणून थोरलीला नेलं आणि सीमेपलीकडच्या अतिरेक्यांना विकलं. त्यांच्यातल्या एकाने तिला बायको म्हणून ठेवून घेतलं. तो लढाईत मेला, ही पोरीसकट निर्वासितांच्या छावणीत अडकली. घरच्यांनी मात्र चार लोकांत सांगून टाकलं होतं, तापाने गेली.

अधिकारी म्हणाली, हिच्याजवळ कागद नाहीत. घरच्या कुणी ओळखलं तर दोघी आपल्या देशात राहतील, नाहीतर परत छावणीत.

सासऱ्यांनी चष्मा पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही. "आमची लेक गेली," ते म्हणाले. सासूबाईंनी मान वर केली नाही.

थोरलीची नजर मशीनवरच्या जरीच्या कापडावर गेली. माप धाकटीचं. तिला सगळं उमगलं.

"मॅडम, मी घर चुकले," ती म्हणाली आणि पोरीला घेऊन जिना उतरू लागली.

 सुनेच्या लग्नाआधी ती आणि थोरली एकाच कारखान्यात शेजारी बसून शिवायच्या. मावशीचा तो नवरा दोघींनाही न्यायला आला होता. पगार परदेशी, वर नवरा फुकट, असं म्हणत हसवायचा. सुनेला तिच्या आईने सोडलं नाही, एवढंच. नाहीतर आज जिन्यात कोण असतं?

सून उठली. "मॅडम, थांबा. ही माझी नणंद आहे."

"सूनबाई, धाकटीचं लग्न मोडेल."

"ही पळून गेली नव्हती, बाबा. आपल्याच माणसाने विकली."

"मग तूही जा तिच्याबरोबर."

नवरा कामावर होता. तो काय म्हणेल, हे तिला माहीत नव्हतं. तिने बाळाला कडेवर घेतलं आणि ती जिना उतरली.

"वेडी आहेस का? वर जा," थोरली म्हणाली, पण सुनेने धरलेला हात तिने सोडवला नाही. चिमुरडीने बाळाचं पाऊल मुठीत घेतलं.

वर मशीन सुरू झालं. दोघी शिवणाऱ्याच, त्यांना आवाजावरून कळलं. सुईखाली कापड नव्हतं. सासूबाई नुसताच पाय मारत होत्या.