आबांची निळी जीभ

ठकीला तिसऱ्यांदा जंत झाले, तेव्हा तिच्या आईनं, म्हणजे आबांच्या लेकीनं, निकालच लावून टाकला. "बाबा, बास झालं. सोमवारपासून ती पाळणाघरात जाईल. तुमच्या खोलीत धूळ, खळ, कागदांचे ढीग. तिथंच कुठंतरी आहे हे सगळं."

आबांची खोली म्हणजे पुस्तकबांधणीचा कारखाना, आणि चार वर्षांची ही नात दिवसभर तिथं त्यांना चिकटून बसायची. आजी गेल्यापासून त्या खोलीत माणसाचा आवाज होता तो ठकीचाच. ती गेली की उरणार काय? सुई-दोरा आणि एक म्हातारा. आबांचा जीव कासावीस झाला. पण रडगाणं गात बसणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांच्या डोक्यात एक वेगळाच किडा वळवळायला लागला: हे जंत येतात तरी कुठून?

गोड खाल्ल्यानं जंत होतात, हे त्यांचं आजवरचं शास्त्र. त्यापायी महिनाभर ठकीची बिस्किटं बंद होती. पोरगी रडून रडून दमली, जंतांचं काही बिघडलं नाही.

या खेपेला डॉक्टरांनी तपासणी सांगितली होती. सकाळी उठल्या उठल्या, आंघोळीच्या आधी, शौचाच्या जागेशी पारदर्शक चिकटपट्टी टेकवायची, ती काचेवर लावायची आणि लॅबमध्ये द्यायची. लेकीनं काच तयार केली, पोचवायला आबा गेले आणि तिथून हलेचनात.

"मला बघू द्या की," ते लॅबमधल्या बाईंना म्हणाले. "फुकटचे भाडेकरू आहेत आमचे, तोंडं तरी बघतो."

बाई हसल्या आणि सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाल्या. आबांनी डोळा लावला. एका बाजूनं दाबलेल्या तांदळासारखे पारदर्शक दाणे, इथं तिथं पसरलेले.

"ही अंडी. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत," बाई म्हणाल्या. "पोर झोपलं की मादी बाहेर येऊन घालते. मग खाज सुटते, पोर खाजवतं, अंडी नखांत जातात. नखांतून तोंडात, की पुन्हा पोटात. चादरीवर, खेळण्यावर, जिथं हात लागेल तिथं दोन-तीन आठवडे टिकतात."

"आणि गोड?"

"गोडाचा काही संबंध नाही, आजोबा."

आबांना बिस्किटं आठवली आणि फार वाईट वाटलं. "पण औषध घेतलं की हो तिनं! दोनदा!"

"औषध किड्यांना मारतं, अंड्यांना नाही. म्हणून दोन आठवड्यांनी परत घ्यायचं असतं. आणि तिच्याबरोबर वावरणाऱ्या सगळ्यांनी एकाच दिवशी. एक जण राहिला तरी फेरा चालूच. मोठ्यांना कधी कधी काही त्रासही होत नाही."

लेकीनं दोन्ही खेपेला आबांनाही गोळी आणून दिली होती. 'मला काय धाड भरलीय' म्हणत त्यांनी ती खळीच्या डब्यामागं टाकून दिली होती.

तरी एवढ्यानं त्यांचं समाधान होईना. त्यांच्या हातून तिला, तिच्या हातून त्यांना, हे जातं कसं? दुसऱ्या दिवशी त्यांनी निळा खडू कुटला आणि पूड ठकीच्या बोटांना चोळली. "आज बघू, हा निळा कुठं कुठं फिरतो."

ठकीला खेळच मिळाला. दुपारपर्यंत निळा नळावर पोचला, स्टुलावर पोचला, तिच्या गालाला आणि ओठांना लागला. ती आबांना एकेक कागद द्यायची, त्या सगळ्या कागदांच्या कोपऱ्यांवर होता. आबा खुशीत येऊन डाग मोजत होते, तेवढ्यात ठकी खो खो हसत सुटली. "आबा, तुमची जीभ निळी!"

आबांनी आरशासमोर जीभ काढली. होती खरी निळी. चाळीस वर्षं ते बोट जिभेला लावून कागद उलटत आले होते. मग त्यांनी तेही मोजलं: तासात शहाऐंशी वेळा. तेच बोट कागदाला, तेच जिभेला, आणि दुपारी त्याच हातानं ते ठकीला भरवत.

तिसऱ्या सकाळी आबांनी चिकटपट्टी स्वतःला लावली. त्या वयात ती कसरत कशी केली, ते विचारू नये. लॅबमधल्या बाईंनी पाहिलं आणि नुसती होकाराची मान हलवली. "बघू," म्हणत आबा पुन्हा वाकले. तेच चपटे दाणे. आधी त्यांना नवलच वाटलं, की एवढं सगळं आपल्या पोटात आणि आपल्याला पत्ता नाही. मग ठकीला भरवणारा आपला हात आठवला.

गोळी गुपचूप घेतली असती तर कुणाला कळलं नसतं. खोली धुतली असं सांगून लेकीपुढं गयावया करता आली असती. घरी जाईपर्यंत आबांनी हा विचार केलाही. पण मग दोष धुळीचाच राहिला असता, आणि उद्या लेकीनं त्यांच्यावर विश्वास ठेवला असता तो खोट्यावर.

रविवारी ते लेकीच्या दारात उभे राहिले. "जंत माझ्याकडं आहेत. तू दिलेल्या गोळ्या मी घेतल्याच नाहीत. ठकीला मीच देत होतो."

"दोन्ही वेळा नाही घेतल्या?"

"दोन्ही वेळा."

"बाबा, लाज कशी नाही वाटली?"

"वाटतेय की. म्हणून तर आलो." त्यांनी खिशातून पुडी काढली. "डॉक्टरांकडून सगळ्यांच्या गोळ्या लिहून आणल्यात. आज एकदमच घेऊ. चादरी न झटकता गरम पाण्यातून काढल्या. कागद उलटायला ओला स्पंज ठेवलाय. आणि ठकीला उद्या पाळणाघरात घाल. माझं काही म्हणणं नाही."

राग लेकीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मग ती उठली, कपाटातून नेलकटर घेऊन आली.

"पाळणाघरात तीस पोरं आहेत," ती म्हणाली. "त्यांतल्या कुणाला जंत झाले, तर असं दारात येऊन मला कोण सांगणार आहे? बसा. हात द्या इकडं."

आबा बसले. लेकीनं आपला हात हातात घेतला त्याला किती वर्षं झाली, ते त्यांना आठवेना. ते खाली नखांकडं बघत राहिले. पाच नखं कापून झाली.

"दुसरा," लेक म्हणाली.