कपाळाकडचे केस

केसांचे टोप बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्यांना वहिनीच म्हणत, कारण मालक त्यांचा सख्खा दीर होता आणि त्याच्या तोंडी तोच शब्द होता. माल पोचवणारा ड्रायव्हर त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, पण त्याच्याही त्या वहिनीच. "आपला धंदाच मुळी लोकांना टोप्या घालायचा," हा भावजींचा ठरलेला विनोद. नव्या गिऱ्हाइकाला तो ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि वहिनी एकोणीस वर्षं त्याला न चुकता हसत आल्या होत्या.

वहिनींचं काम कॅटलॉगच्या फोटोंचं. एक टोप घातलेल्या बाईचा फोटो यायचा, काळ्या केसांचा. त्याच फोटोतून वहिनी पाच रंग काढायच्या: काळा, गडद तपकिरी, फिका तपकिरी, तांबूस आणि पिकलेला. त्यासाठी आधी केसांवर मास्क घालावा लागे, म्हणजे संगणकाला नेमकं दाखवावं लागे की एवढाच भाग रंगव, बाकीच्याला हात लावू नकोस. जरा इकडे तिकडे झालं की बाईचा कान तपकिरी व्हायचा. संगणकाला जोडलेल्या पाटीवर पेन फिरवून केसन् केस रंगवायचा, मास्कमध्ये आला की तो पडद्यावर लाल दिसायचा. एक टोप म्हणजे तासभर. या कामात वहिनींचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तोच हात वर्षभरापासून कापत होता.

आधी सुईत दोरा ओवताना जाणवलं, मग पेन धरताना. वहिनींनी घरी सांगितलं नाही, कारखान्यात तर नाहीच. मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरायचं, श्वास रोखायचा, एक केस रंगवायचा, मग श्वास सोडायचा, असं त्यांनी बसवून घेतलं होतं. कुणी बघायला नको म्हणून सगळ्यांच्या आधी तासभर येऊन बसायच्या आणि मागे पावलं वाजली की चित्र लहान करून टाकायच्या. डॉक्टरकडे जायचं धाडस होत नव्हतं. कापणाऱ्या हातांच्या एका आजाराचं नाव त्यांना माहीत होतं, आणि शेजारच्या जिन्यात त्या आजाराचा एक माणूस पाऊल पाऊल सरकत उतरताना त्या रोज बघत होत्या. डॉक्टरने ते नाव उच्चारलं की काम गेलं, असा त्यांनी मनाशी हिशेब घातला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्या गप्प होत्या.

एका सोमवारी सकाळी संगणक उघडला तर फोटोचं सॉफ्टवेअर आपणहून अपडेट होऊन बसलेलं. पडद्यावर उजवीकडे असायचा तो ब्रश जागेवर नव्हता. वर्षानुवर्षं ज्या बटणावर डाव्या हाताचं बोट आपोआप पडायचं, ते दाबल्यावर भलतीच यादी उघडत होती. डोळे मिटूनही सापडेल अशी प्रत्येक गोष्ट होती, म्हणून तर त्या हाताला सांभाळून नेत होत्या. आणि शुक्रवारी कॅटलॉग छापायला जायचा होता, बेचाळीस टोपांचा.

फोटोग्राफर आला आणि त्यानेही कपाळावर हात मारला. चालत्या गाड्याला खीळ घालायची खोडच असते या सॉफ्टवेअरवाल्यांना, असं बराच वेळ बडबडून तो आपल्या दिव्यांकडे निघून गेला. वहिनी यादी वाचत बसल्या. आकाश, पार्श्वभूमी, व्यक्ती. व्यक्तीवर दाबलं तर आणखी एक यादी आली: चेहऱ्याची त्वचा, भुवया, ओठ, केस. त्यांनी केसांवर खूण केली. एक चक्र फिरलं, आणि बाईच्या सगळ्या केसांवर लाल रंग चढला. खांद्यावर रुळणाऱ्या बटा, कानामागची झुलपं, सगळं जिथल्या तिथे.

वहिनींना आधी वाईटच वाटलं. एकोणीस वर्षांची तपश्चर्या चष्मा पुसायच्या आत आटोपली होती. मग त्यांचं लक्ष मांडीकडे गेलं. उजवा हात तिथे स्वस्थ पडला होता. त्याने काहीच केलं नव्हतं, आणि काम झालं होतं. त्यांनी दुसरा फोटो उघडला, मग तिसरा. दुपारच्या जेवणापर्यंत अकरा टोप झाले. त्या दिवशी त्या सगळ्यांबरोबर बसून जेवल्या आणि लवकर घरी गेल्या.

मंगळवारी तीस टोपांचे नमुने भिंतीवर लागले. भावजी खूश. चहाच्या सुट्टीत गाठताई बघायला आली. जाळीवर एकेक केस गाठून टोप विणणारी ती बाई. दिवसभर गाठी मारते म्हणून तिला हे नाव पडलं होतं. बोलायला मोजकी. चष्मा वर सरकवून ती एकाच फोटोसमोर उभी राहिली, आणि सगळे पांगल्यावर म्हणाली, "वहिनी, ह्या टोपाच्या पुढच्या ओळीला मी आठ दिवस दिलेत. ती अशी काजळी धरल्यासारखी का दिसतेय?"

वहिनींनी वाकून बघितलं. केस सगळे तांबूस झाले होते, पण कपाळाकडची बारीक लव काळीच राहिली होती. त्या विरळ केसांना संगणकाने त्वचा समजून सोडून दिलं होतं. तीसच्या तीस फोटोंत तेच. ज्या ओळीमुळे टोप हा टोप वाटत नाही, तीच नेमकी उघडी पडली होती. आणि वहिनींनी मोठं करून एकदाही बघितलं नव्हतं, सुटल्याच्या आनंदात. त्या गाठताईला एवढंच म्हणाल्या की चूक माझी आहे, तुझ्या कामात काही खोट नाही.

बुधवारी सकाळी त्यांनी नव्या यादीतून ब्रश शोधून काढला आणि कपाळाकडचे केस हाताने मास्कमध्ये घ्यायला बसल्या. मनगट दाबलं, श्वास रोखला. लाल रेघ केसावरून घसरून कपाळावर गांडुळासारखी वळवळली. पुसली. परत तेच. सहाव्यांदा पुसताना त्यांना कळलं की भावजी मागे उभे आहेत. पावलं ऐकूच आली नव्हती.

चित्र लहान करायला बोट गेलं, आणि थांबलं. वहिनींनी पेन खाली ठेवलं.

"भावजी, माझा हात कापतो. वर्ष झालं."

भावजी स्टूल ओढून बसले. मग म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही दुसरीकडे काम बघताय. लवकर येता, मी आलो की काहीतरी बंद करता. दादाला विचारायचीही हिंमत झाली नाही."

वहिनींना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. दोघंही वर्षभर एकमेकांना घाबरून होते. भावजींनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, आणि गेलेच नाही म्हटल्यावर ते धाकटे असूनही रागावले. मग गांडुळाकडे बोट दाखवून म्हणाले, "एवढी बारीक रेघ कशाला हवी? नजर कमी पडली की गाठताई चिमूटभर केस जास्त घेते आणि नको ते मागनं विंचरून काढते. तुम्हाला नाही का येत तसं?"

ते गेले. वहिनी त्या वाक्यापाशीच अडकल्या. जास्त घ्यायचं आणि नको ते काढायचं. सोमवारी यादीत अशीच काहीशी ओळ वाचून त्यांनी सोडून दिली होती. त्यांनी जाडजूड ब्रश घेतला आणि कपाळाच्या वरच्या कडेवर तो खुशाल फासला, वाकडातिकडा, हात नेईल तसा. मग ती ओळ शोधून संगणकाला सांगितलं: यातला फक्त गडद भाग ठेव. फासलेला लाल पट्टा विरघळला आणि मागे उरले ते केस. एकेक. कपाळ स्वच्छ. गडद म्हणजे किती गडद, हे मात्र प्रत्येक फोटोत वेगळं होतं. कुठे सावली केसांत मिसळायची, कुठे भुवईचं टोक आत यायचं. ते ठरवायला नजरच लागत होती, आणि नजर वहिनींकडे होती.

दोन दिवसांत ते तीस फोटो त्यांनी पुन्हा रंगवले आणि उरलेले बाराही पुरे केले. गाठताईने शुक्रवारी सगळे पाहिले, एका तांबूस टोपाच्या कपाळावर बोट टेकवलं आणि मान डोलावली. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

शनिवारी वहिनी नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेल्या. आदल्या संध्याकाळी त्याला सगळं सांगून टाकलं होतं. आता डॉक्टर काहीही म्हणाले तरी काम राहणार होतं, म्हणून ऐकायची ताकद आली होती. डॉक्टरीणबाईंनी हात पुढे करायला लावला, मांडीवर ठेवायला लावला, चालायला लावलं, कागदावर गोल काढून घेतला. मांडीवर असताना कापत नाही ना, असं दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, तुम्ही ज्याला घाबरताय ते हे नाही. हे घराण्यातून येतं, त्रास झाला तर गोळी आहे. वडिलांचा हात कापायचा का?

वहिनींना आबा आठवले, त्यांचे वडील. सही करायची वेळ आली की ते चिडायचे, सगळ्यांना खोलीबाहेर काढायचे. तापट आहेत, असं आयुष्यभर सगळे धरून चालले होते.

बाहेर नवरा बाकावर बसला होता. त्यांना बघून तो उठून उभा राहिला.

"आबांसारखं आहे," वहिनी म्हणाल्या. "बाकी काही नाही."

तो पुन्हा खाली बसला. मग दोघं समोरच्या हॉटेलात गेली. वहिनींनी चहा मागवला, आणि कप काठोकाठ भरलेला आला. त्यांनी तो उजव्या हातानेच उचलला. थोडा बशीत सांडला, थोडा टेबलावर. पलीकडचा एक माणूस बघत होता. वहिनींनी निवांतपणे चहा संपवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अजून एक चहा सांगा, आणि काहीतरी खायलाही. मला भूक लागलीय."