लाल आणि हिरवं

पाचोऱ्यात रंगारी दोनच, मी हिलाल आणि तो जीवराम. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवण्यात आमचा हात कुणी धरला नसता. तरी एक गोष्ट फक्त त्यालाच ठाऊक होती. मला लाल आणि हिरवा सारखेच दिसतात. माझ्या हिरव्या डब्याच्या कडीला तो सुतळी बांधून द्यायचा, अगदी भांडण झालेलं असलं तरी. म्हणून मला तो भावापेक्षा जवळचा वाटायचा. गाढव मी.

बन्सीलाल शेठजींच्या नव्या घराचं काम मला मिळायचं जवळजवळ ठरलं होतं. लेकीच्या लग्नाआधी दारं हिरवी आणि खिडक्यांच्या कडा लाल करायच्या होत्या. असं काम आयुष्यात पहिल्यांदा येत होतं.

त्याच आठवड्यात बाजारतळावर तंबू पडला आणि मुकं चित्र आलं. चित्रातली माणसं चालतात म्हणून सगळं गाव लोटलं. दोन रंगारी एकच घर रंगवायला येतात आणि शेवटी एकमेकांनाच रंगवतात, एवढीच गोष्ट. पडद्यावर नुसतं काळं-पांढरं. मला आणि गावाला पहिल्यांदाच एकसारखं दिसत होतं. मी पोट धरून हसत होतो.

पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून गोष्ट सांगत होता. जिथे तंबू, तिथल्याच माणसांची नावं चित्रातल्यांना द्यायची, ही त्याची रीत.

"हाऊ आपला जीवराम," तो म्हणाला, "अन् हाऊ हिलाल. याले लाल अन् हिरवं एकच दिखस."

तंबू हसून लोळला. पुढे बसलेल्या शेठजींनी वळून माझ्याकडे पाहिलं, ते मात्र हसत नव्हते. दुपारी जीवराम त्या माणसाची पाटी रंगवायला गेला होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

बाहेर पडताच मी जीवरामला गाठलं. "त्याले हाई तूच सांगं ना?"

"गंमत शे ती, भो. मनवर नको लेऊ."

तेवढ्यात शेठजी आले. "हिलालभाऊ, राग मानू नका. लग्नाचं घर आहे," असं म्हणून त्यांनी काम जीवरामला देऊन टाकलं. तो नाही म्हणेल म्हणून मी थांबलो. एवढं झाल्यावरही मला तशी आशा होती. त्याने शेठजींना वाकून नमस्कार केला आणि ते गेल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू भिंतीसले चुना मार, हिलाल. चुना ते तुले दिखस."