लाल कॅप्सूलची खोड

मुमताजची कंबर दुखायची थांबून कितीतरी महिने झाले होते. म्हशीनं तिला गोठ्याच्या भिंतीला रेटलं तेव्हा सहादेव डॉक्टरांनी लाल कॅप्सूल लिहून दिली आणि आठवड्याच्या आत ती उठून भाकऱ्या थापायला लागली. डॉक्टरांच्या नावानं तिनं दुवा मागितली होती. पण दुखणं गेलं, तरी कॅप्सूल काही जाईना.

एखाद्या दिवशी घेतली नाही की दुपारपासून जांभया सुरू व्हायच्या. नाक वाहायचं, अंगावर काटा यायचा आणि पायांची तर अशी तगमग, की ते ठेवावेत कुठे हेच कळू नये. घेतली की सगळं शांत. आधी एक पुरायची, मग दोन लागल्या, आता चार. त्यात मध्येच पाकीट बदललं, भाव वाढला. आतली कॅप्सूल मात्र तीच.

कंबर दुखत नाही, मग हे दुखतंय तरी काय? मुमताजला या कोड्यानं घेरलं. तिनं सर्दीची गोळी घेऊन पाहिली, काढा पिऊन पाहिला. रोजाच्या वेळी मन घट्ट करते तसं करूनही पाहिलं. गुण यायचा तो फक्त लाल कॅप्सूलनं. दुखणं हीच देते आणि औषधही हीच, असा संशय तिला आला, आणि तो आल्यावर तिला भीतीपेक्षा नवलच जास्त वाटलं.

तिचा नवरा मोहियोद्दीन घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली करायचा. जेवताना तिनं विषय काढला.

"अहो, घरी नेल्यावर बैल बसका निघाला, जुंपला की खाली बसाया लागला, तर काय करता तुमी?"

"माघारी पाठवतो. बसका हाय, मारका हाय, जी खोड असंल ती आधी सांगून इकायची. लपवली तर चार लोकांत उभा करतो इकनाऱ्याला."

"आन् तो पळून गेला तर?"

"मग दलालाची मान हाय की! सौदा त्यानंच जुळवलेला असतो. का गं, बैल घेतीस का काय?"

"मला खोडीचा माल इकलाय कुणीतरी," ती म्हणाली, आणि मग तिनं सगळं सांगितलं.

मोहियोद्दीनचा घास हातातच राहिला. "या अल्ला! मी समजायचो तुला बारमाही सर्दी हाय!"

"तुमी जनावरांचं नाक बघता, बायकोचं कशाला बघाल? उद्या डॉक्टरकडं चला."

"त्यांना जाब विचारायचा? देवमाणूस हाय तो."

"जाब न्हाई. नुसतं विचारायचं."

"या भाभी," दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली. मुमताजनं कॅप्सूलचं पाकीट टेबलावर ठेवलं.

"डॉक्टर, हिची खोड काय?"

डॉक्टर आधी हसले. मग ती सांगत गेली तसतसं त्यांचं हसू विरत गेलं. "सवय लागत नाही, असं कंपनीचा माणूस सांगून गेला होता," ते हळूच म्हणाले.

"तुमी विचारलं हुतं त्याला?"

"नाही. त्यानं आपणहूनच सांगितलं."

मोहियोद्दीन खाकरला. "न विचारता खोड न्हाई म्हननारा बेपारी आमी लांबनंच वळखतो, डॉक्टर."

डॉक्टरांनी पाकीट उचलून आपल्या खणात ठेवलं. मग त्यांनी सांगितलं, की एकदम बंद केली तर फार हाल होतील. कॅप्सुली आता त्यांच्याजवळ राहतील, सकाळ-संध्याकाळ येऊन त्यांच्या हातूनच घ्यायच्या आणि हळूहळू कमी करायच्या. "आणि कंपनीला मी विचारतो. सौदा मीच जुळवलाय."

डॉक्टरांनी कंपनीला कळवलं, की उत्तर आलं नाही तर तक्रार नगरला सरकारी औषध खात्याकडे जाईल. त्यावर पत्राऐवजी कंपनीचा माणूसच आला. पुण्याचे मोठे साहेब, इस्त्रीचा शर्ट, काखेत खोकं. डॉक्टरांनी मुमताज आणि मोहियोद्दीनलाही बोलावून घेतलं.

"ताई, तुम्हाला त्रास झाला याचं कंपनीला वाईट वाटतं," म्हणत साहेबांनी खोकं टेबलावर ठेवून उघडलं. आत पाकिटंच पाकिटं. "यापुढं तुम्हाला एक पैसा पडणार नाही. हवी तेवढी घ्या. फक्त ती तक्रार पुढं जायला नको."

मुमताज तेव्हा दोन कॅप्सुलींवर आली होती. खोकं पाहताच तिच्या तोंडाला पाणी सुटलं. उजवा हात आपोआप निघाला. तिनं तो ओढून मांडीखाली दाबला. मोहियोद्दीननं ते पाहिलं. पण सौदा चालू असताना मध्ये बोलायचं नसतं.

"साहेब, एक इचारू? आमच्या घोडेगावात हे किती खपतं?"

"ते काही सांगता येणार नाही."

"येत न्हाई, का सांगायचं न्हाई?"

"मलाही ऐकायचंय," डॉक्टर म्हणाले.

"तसा खप उत्तम आहे. तालुक्यात सगळ्यात जास्त इथंच," साहेब बोलून गेले. त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. तो त्यांचा त्यांनाच ऐकू आला असावा, कारण ते एकदम थांबले.

मुमताजला आपण एकटीच बिघडलोय असं वाटायचं. आता तिच्या डोळ्यांपुढून हमाल गेले, ट्रकवाले गेले, कांद्याच्या वखारीत दिवसभर वाकून बसणाऱ्या बाया गेल्या. यातलं कोण कोण?

तिनं डाव्या हातानं खोकं साहेबांकडे सरकवलं. "बसका बैल माघारी आनला तर आमच्या बाजारात दुसरा बसका फुकट देत न्हाईत, साहेब."

मोहियोद्दीनला हसू आवरेना. साहेब मात्र हसले नाहीत. खोकं उचलून ते निघून गेले.

"तक्रार उद्याच नगरला घेऊन जातो," डॉक्टर म्हणाले. "माझ्या सहीखाली तुमची सही लागेल, भाभी. अजून कुणाची मिळाली तर बरं."

"त्यात काय, बाजारात पुकारतो मी!" मोहियोद्दीन म्हणाला.

"पुकारू नका. लाजंनं कुनी फिरकनार न्हाई. वखारीतल्या बायांत बसून मी आधी माझं सांगते. मग बघू कोन बोलतंय."

एवढं बोलून तिनं डॉक्टरांपुढे तळहात धरला. "आजची दुसरी तेवढी द्या."