दोन ओळींची नोटीस

वडील नाना गेल्यावर दोन महिन्यांनी अहल्या सासरहून बडोद्याला आली ती नोटीस लिहूनच. रावपुऱ्यातल्या नानांच्या चार भाड्याच्या खोल्या त्यांचे मुखत्यार श्रीपतराव सांभाळत आणि चौथीत स्वतः राहत. मुखत्यारी रद्द, खोली महिनाअखेर रिकामी करावी, एवढ्याच दोन ओळी. तिला खुपत होतं ते निराळंच. सांत्वनाला येणारी माणसं आधी श्रीपतरावांचं दार वाजवत.

श्रीपतरावांनी कागद शांतपणे वाचला. "मुखत्यारी तर नाना गेले त्याच दिवशी संपली, ताई. मेलेल्या माणसाला मुखत्यार नसतो."

"मग हे दोन महिने कशाला राबलात?"

"कौलं गळायची थोडीच थांबतात?" ते जरा घुटमळले. "तुमची पत्रं माझ्याकडे आहेत. ती न्या."

"माझी पत्रं? तुमच्याकडे?"

"शेवटची दोन वर्षं नानांना अक्षर दिसत नव्हतं. मीच वाचून दाखवायचो. तुम्हाला कळवायचं नाही, अशी ताकीद होती."

अहल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने नानांना लिहिलेला शब्द न् शब्द आधी या माणसाच्या तोंडी गेला होता.

"नाना कधी हसायचे का?" तिने विचारलं.

"सासूबाईंच्या लोणच्याच्या पत्राला तर किती! तीनदा वाचायला लावलं."

ते हसू तिच्या वाट्याचं होतं, आणि ऐकलं होतं त्यांनी. तिने दौत ओढली आणि दुसरी ओळ खोडली.

"खोली राहू द्या. किल्ल्या मात्र इकडे द्या," ती म्हणाली. "आणि ते लोणच्याचं पत्र आणा. नानांना वाचून दाखवायचात, अगदी तसंच वाचा."