इंद्रजितचं समाजकार्य

आर्णीच्या बाजारात उकंडाजींचं भांड्यांचं दुकान आहे. उकंडाजींनी सायकलच्या कॅरिअरला जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची पातेली बांधून गावोगावचे आठवडी बाजार केले, मग हे दुकान टाकलं. त्यांच्यामागे सून प्रभावती तीस वर्षं गल्ल्यावर बसली. पुढे तिचा मुलगा इंद्रजित पुण्याहून व्यवस्थापन शिकून परतला, तेव्हा दुकानाला कळलं की आपण इतकी वर्षं चुकीचे चाललो होतो.

दोन महिन्यांत 'उकंडा भांडी भांडार'चं 'उकंडा किचन वर्ल्ड' झालं. काचेआड एअर फ्रायर आला. तो कोणी घेतला नाही, पण बघायला पार बोरी अरबहून लोक आले. इंद्रजितने तेही यशात धरलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत पंगतीच्या स्वयंपाकाचे मोठाले गंज, पराती, झारे होते. लग्न असो, तेरवी असो, भीमजयंती असो, उकंडाजींच्या काळापासून ते कोणीही फुकट न्यावेत. अट एकच, घासून आणायचे.

"आई, यावर आपलं नाव कुठे आहे?" इंद्रजितने विचारलं.

"होतं ना बुडावर. घासून घासून गेलं."

"मग आपण समाजासाठी काही करतो, हे लोकांना कळणार कसं?"

"जेवतात ना बापा ते. अजून कायले कळाले पाह्यजे?"

आईला ब्रँडिंग समजत नाही, याचं इंद्रजितला मनापासून वाईट वाटलं. त्याने गंज मोडीत घातले आणि शाळेला स्टीलचे बारा बाक द्यायचं ठरवलं. प्रत्येक बाकाच्या पाठीवर दुकानाचं नाव, फोन नंबर आणि त्याचा स्वतःचा हसरा फोटो. टेकून बसणाऱ्याची पाठ थेट त्या फोटोच्या तोंडावर येणार, हे छापून झाल्यावर लक्षात आलं.

लोकार्पण एप्रिलमध्ये ठेवलं. पाहुणे म्हणून एक पुढारी, आणि तीनशे माणसांचं जेवण. त्या दिवशी सकाळीच आचारी रामधन दुकानात आला.

"काकू, गंज काढा."

प्रभावतीने मुलाकडे पाहिलं.

"विकले," इंद्रजित म्हणाला.

"मंग भाजी कायच्यात करू भाऊ? बाकावर?"

लग्नाची दाट तीथ होती. गावातल्या मंडपवाल्यांकडे झारासुद्धा शिल्लक नव्हता. उमरखेडपर्यंत फोन झाले. पुण्यात कमावलेली भाषा इंद्रजितच्या तोंडून तिथेच गळून पडली.

"आई, आता काय करू वं? सांग ना!"

"दुकानात काय हाये ते काढ," प्रभावती म्हणाली आणि तिने पदर खोचला.

तीस कुकर निघाले, चाळीस कढया निघाल्या. शाळेच्या भिंतीलगत चुली पेटल्या आणि नव्याकोऱ्या मालाची बुडं काळी पडू लागली. पाहुणे बोलायला उभे राहिले. "व्यापाऱ्याने समाजाला परत काय दिलं..." एवढं म्हणतात तोच पहिला कुकर वाजला. मग दुसरा. मग सगळेच. पाहुणे थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या कोणासाठी होत्या हे पाहुण्यांनी विचारलं नाही. बाकांवर मात्र कोणी बसलं नाही. उन्हाने ते इतके तापले होते की पापड भाजून निघाला असता.

जेवण उशिरा झालं, पण सगळ्यांना पुरलं. माणसं गेल्यावर इंद्रजित काळ्या कुकरांच्या ढिगासमोर मान खाली घालून बसला.

"हे आता कोण घेईन?"

"कोणी नाही. हे लोकायच्या कामी येतीन," प्रभावती म्हणाली. "उद्या मोठे गंज आणून ठेव."

तो उठला आणि कुकर घासायला लागला. घासणं त्याला येत नव्हतं. तिने शिकवलं.

आठ दिवसांनी तांड्यावरून बिजलीबाई नातीच्या लग्नासाठी गंज मागायला आली. इंद्रजितने ते स्वतः ऑटोत चढवले आणि सवयीने खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढलं.

"ते राहू दे पोरा," बिजलीबाई म्हणाली. "जेवाले ये. मायलेबी आण."

तो गेला. पंगतीत त्याने वरण वाढलं, आणि चांगले दोन तास आपण कोण हे कोणालाच सांगितलं नाही. त्याच्या मानाने हे फार झालं.