दुधीच्या मांडवातले नवरदेव

"नंदे, ह्या उन्हाळ्यात बाजारातून भाजीची काडी जरी आणली, तं साऱ्या आळीदेखत तुझ्या पाया पडंल मी!"

चांगुणाबाई बोलून गेली आणि मग तिनं जीभ चावली. नंदाबाई तिची धाकटी जाऊ. दोघींच्या परसांमध्ये छातीएवढी भिंत. थोरलीनं धाकटीच्या पाया पडायचं म्हणजे सासूनं सुनेला वाकून नमस्कार करण्यासारखंच. पण चांगुणाबाईची जीभ म्हणजे मोकाट गोऱ्हा. सुटला की दावं घेऊनच पळणार.

परसात तिनं काय लावलं नव्हतं? मेथी लावली, ती चैताच्या उन्हात पापडासारखी भाजली. कोथिंबीर कोंबड्यांनी वेचली. राखणीला बसलेली चांगुणाबाई तेव्हा बाजेवर घोरत होती. टमाट्याची पानं आवळून मुठी झाल्या. गवार तेवढी मोरीच्या पाण्यावर झकास आली, तर ती रांधण्यापेक्षा भिंतीवरून जावेला दाखवण्यातच निम्मी जून झाली. शेवटी उरला दुधी. वेल मांडवावर दणक्यात चढला, पण दुधी काही धरेना. बोटाएवढा व्हायचा, पिवळा पडायचा आणि गळायचा.

"नंदीची नजर हाय, दुसरं काय!" म्हणून चांगुणाबाईनं मीठ-मिरच्या ओवाळल्या, मांडवाला फाटकी चप्पल टांगली. दुधीला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

घरात रोज पिठलं. तिचा नवरा अप्पाराव ताटाकडं बघत म्हणाला, "मी बाजारला जाऊन राह्यलो. भेंडी आणू का?"

"आणा की! संगं हळदकुंकूबी आणा. धाकटीच्या पाया पडायचं हाय मला!"

अप्पारावनं पिठल्यात भाकर मोडली.

सून वंदना बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जायची. नर फुलाची भुकटी मादी फुलाला लावायचं काम. त्या दिवशी सांजच्याला ती घरी आली, तर सासू शेळीला काहीतरी चारत होती.

"आत्याबाई, काय घालून राह्यल्या तिला?"

"दुधीची वांझोटी फुलं. बुडाला बोंडी न्हाई, काई न्हाई, फुकटचा रस पितेत मेली. रोज खुडते. कळीबी ठेवत न्हाई!"

शेवटचं फूल शेळीनं गिळलं. वंदनानं पदर तोंडात कोंबला तरी हसू फुटलंच. "अवो, तीच तं नर फुलं! तुम्ही सारे नवरदेव शेळीला चारले! नवऱ्या बसल्या मांडवात वाट बघत!"

चांगुणाबाईनं मांडवाकडं बघितलं. मग शेळीकडं. शेळी मजेत रवंथ करत होती.

"मंग आता गं?"

"आता दुसरीकडचं नर फूल पायजे. जल्दी, फुलं उघडी हायेत तवर."

दोघींची नजर भिंतीपलीकडं गेली. नंदाबाईचा वेल पांढराशुभ्र फुलला होता.

"मी मागते काकीला."

"खबरदार! माझं नाक कापतीस का?"

आणि नाक वाचवायला चांगुणाबाई उलट्या घमेल्यावर उभी राहून भिंतीवर चढली. फूल हाताला लागलं, पण लुगडं भिंतीवरच्या बोराटीत अडकलं. ना इकडं, ना तिकडं. तेवढ्यात नंदाबाई तांब्या घेऊन परसात आली.

"अक्का, कामून लटकल्या वं?"

"तुझी भिंत बघून राह्यली. पडायला झाली."

"आन हातात फूल?"

"देवाला."

"दुधीचं फूल कोन्त्या देवाला व्हातेत?"

चांगुणाबाईनं फूल पदराआड दडवलं. नंदाबाईनं काटे सोडवले आणि आणखी मूठभर फुलं खुडून तिच्या ओच्यात टाकली. "न्या. पण बाप माझ्याकडचा, तं अर्धा दुधी माझा!"

वंदनानं अंधार पडायच्या आत फुलाला फूल लावलं. या खेपेला दुधी गळाला नाही. चांगला हातभर झाला, तेव्हा तो तोडायला चांगुणाबाईनं सारी आळी गोळा केली. आळीला भिंतीची गोष्ट आधीच ठाऊक होती.

"काय अक्का," नंदाबाई भिंतीवर रेलून म्हणाली, "पडता ना पाया?"

"कामून? बोली बाजाराची व्हती. चोरीची कुठं व्हती?"

बाया पोट धरधरून हसल्या. चांगुणाबाईनं विळीवर दुधीचे दोन तुकडे केले, दोन्ही हातांत तोलले, आणि थोरलेपणाला शोभेल असा मोठा तुकडा भिंतीवर ठेवून पाठ फिरवली. पण दारापर्यंत जाऊन तिचा पाय अडखळला.

"नंदे, साली फेकू नको बरं. इकडं दे, चटणी करते मी."